चित्रपटांच्या नकाशावरचा निजाम

हिंदी चित्रपटांच्या वितरण-व्यवसायाचा एक स्वतंत्र नकाशा आहे. राज्यपुनर्रचना आयोगाचे नावही त्या नकाशाने ऐकलेले नाही. त्यात विदर्भ 'सी. पी. बेरार' मध्ये आहे, उर्वरित महाराष्ट्राचा बराच भाग गुजरातसह 'बॉम्बे' मध्ये आहे, आणि आम्ही, म्हणजे नांदेड, लातूर, परभणी, बीड, धाराशिव हा सारा मुलूख, 'निजाम' मध्ये आहोत. तेलंगणा, बीदर-गुलबर्गा-रायचूर आणि मराठवाडा मिळून हा 'निजाम' विभाग होतो. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान संपले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. चित्रपटाच्या व्यापाऱ्याने मात्र यांतल्या एकाही घटनेची दखल घेतली नाही. दर सतरा सप्टेंबरला ध्वजवंदन करून परतणारा आमचा विद्यार्थी संध्याकाळी ज्या चित्रपटाला जातो, त्याच्या उत्पन्नाचा आकडा व्यापारी पत्रकांत 'निजाम' या रकान्यात पडत आला आहे.

ही केवळ गमतीची गोष्ट नाही. प्रस्तुत लेखात आम्हांला बोलायचे आहे ते नांदेड-लातूरकडील तरुण प्रेक्षकाच्या मताविषयी. चहाच्या टपरीवर, महाविद्यालयाच्या व्हरांड्यात, एस. टी. च्या मागच्या बाकावर चित्रपटांविषयी आणि मालिकांविषयी जे सहज, बेफिकीर, कित्येकदा एका शब्दात उरकलेले मत दिले जाते, त्याविषयी. मराठी समीक्षेने या मताला मत मानलेले नाही. आमचे म्हणणे असे की, या सहजतेलाही इतिहास आहे, आणि तो समजून घेतल्याखेरीज वर्गात आपल्यासमोर बसलेल्या मुलांची अभिरुची आपल्याला कळणार नाही. आम्ही दोघेही मराठीचेच अध्यापक. एक नांदेडला शिकवतो, दुसरा लातूरला. दोन्ही गावांतल्या अभिरुचीत फरक आहे असे आमच्यापैकी एकाचे मत आहे, दुसऱ्याला ते फारसे मान्य नाही. हा वाद लेखात मिटवलेला नाही.

आरंभ संस्थानापासूनच करावा लागेल. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मे १९१३ मध्ये मुंबईत झळकला. त्यानंतर सुमारे दशकभरातच धीरेंद्रनाथ गांगुली हे बंगाली दिग्दर्शक हैदराबादेत आले. त्यांनी लोटस फिल्म कंपनी काढली, चित्रपटगृहेही चालवली. १९२४ च्या सुमारास त्यांनी 'रझिया बेगम' हा चित्रपट दाखवला. मुस्लिम राणी आणि हिंदू पुरुष यांची प्रेमकथा पाहून दरबाराचा रोष झाला आणि गांगुलींना राज्याबाहेर जाण्याचा हुकूम मिळाला. ते कलकत्त्याला परतले. चित्रपटेतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग एखाद्या परिच्छेदात येतो व जातो. आमच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. ज्या राज्यात सार्वजनिक सभेला 'गश्ती निशाण त्रेपन्न' प्रमाणे पूर्वपरवानगी लागत असे, त्या राज्यात तिकीट काढून अंधारात एकत्र बसलेली माणसे ही एक प्रकारची सभाच होती, आणि ती कशाने हेलावेल हे सत्तेने फार लवकर ओळखले होते. चित्रपटाविषयीचे मत ही आपल्या भागात पहिल्यापासून निरुपद्रवी गोष्ट नव्हती.

दुसरा धागा भाषेचा. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. कचेरीची भाषाही उर्दू होती. त्यामुळे १९३१ साली 'आलम आरा' ने बोलपट सुरू केला तेव्हा पडद्यावरची हिंदुस्थानी मराठवाड्यातल्या शिकलेल्या माणसाला परकी वाटण्याचे कारण नव्हते. ती त्याच्या अर्जाची, निकालपत्राची भाषा होती. उलट १९३२ चा 'अयोध्येचा राजा' किंवा १९३६ चा 'संत तुकाराम' ही मराठी घरची असली तरी राज्याबाहेरून, 'प्रभात'च्या कोल्हापूर-पुण्याहून येणारी होती. पुण्याच्या प्रेक्षकाला मराठी चित्रपट आपला आणि हिंदी चित्रपट बाहेरचा असे म्हणता येत होते. आपल्याकडे ही विभागणी इतकी सरळ कधीच नव्हती. आजही आमची मुले संवाद पाठ म्हणून दाखवतात ते बहुतेक हिंदी असतात, आणि त्यांचे उच्चार पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा बरेच शुद्ध असतात. याचे श्रेय दूरदर्शनला देण्याची पद्धत आहे. आम्ही त्यातले थोडे दख्खनीला आणि आजोबांच्या उर्दू शाळेला देऊ. दिल्लीहून निघणारे 'शमा' हे उर्दू चित्रपट-साहित्य मासिक १९३९ पासून १९९९ पर्यंत चालले. त्याच्यासारखी मासिके वाचणारा वाचक ज्या शहरांत होता, त्या शहरांत चित्रपटावर बोलण्याची एक नजाकतदार रीत रुजलेलीच होती. ती मराठीत उतरली नाही, हे आपले नुकसान.

तिसरा धागा लोहमार्गाचा, आणि आमच्या वादाचे मूळ तिथेच आहे. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे १९०० च्या आसपास मनमाडपर्यंत पोचली. नांदेड त्या मार्गावर आले. लातूरला १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी कुर्डुवाडीकडून आली. म्हणजे नांदेडचे तोंड हैदराबादकडे, लातूरचे सोलापूर-पुण्याकडे. नांदेडच्या देगलूर, बिलोली, धर्माबाद भागात तेलुगू घराघरांत आहे. धर्माबादचा माणूस बाजारासाठी निजामाबादेस जातो. लातूरच्या निलंगा-उदगीर पट्ट्यात कानडी आहे, पण तिकडच्या मुलांच्या बोलण्यात कन्नड चित्रपट फारसा येत नाही. नांदेडच्या अध्यापकाचे म्हणणे असे की, त्याचे विद्यार्थी तेलुगू नटांविषयी नात्यातल्या माणसांप्रमाणे बोलतात आणि लातूरचे विद्यार्थी त्यांच्याविषयी दूरचित्रवाणीवरच्या पाहुण्यांप्रमाणे बोलतात. लातूरच्या अध्यापकाचे उत्तर असे की, पाहुणा वीस वर्षे रोज घरी येत असेल तर तो पाहुणा राहत नाही.

व्यापारी नकाशाचा परिणाम काय होत असे, हे आता सांगावे लागते, कारण आजच्या मुलांना चित्रपट सर्वत्र एकाच शुक्रवारी लागतो असे वाटते. पूर्वी प्रती मोजक्या असत. त्या प्रथम मोठ्या शहरांत फिरत, मग जिल्ह्याच्या ठिकाणी येत, मग तालुक्याला, आणि शेवटी जत्रेतल्या तंबूत. तोपर्यंत फितीवर पावसासारख्या रेघा पडलेल्या असत आणि मधले एखादे गाणे गायब झालेले असे. चित्रपटाआधी त्याच्याविषयीचे मत पोचलेले असे. मुंबईला किंवा हैदराबादेस जाऊन आलेला कुणी सारी गोष्ट अभिनयासह सांगत असे. 'शोले' (१९७५) तर ऐकूनच पाठ झालेली माणसे होती. प्रत्यक्ष चित्रपट पाहायचा तो त्या ऐकीव मताची पडताळणी करण्यासाठी. आपल्या भागातल्या तरुण प्रेक्षकाची एक सवय इथून आलेली दिसते. तो 'काय झाले' हे विचारत नाही, 'कसे केले' हे विचारतो. कथानक आधी माहीत असण्याने त्याचा आनंद कमी होत नाही. कीर्तनाच्या श्रोत्याला आख्यान माहीत असतेच. बुवा कसे लावतात याकडे त्याचे लक्ष असते. समीक्षेच्या परिभाषेत ही चांगल्या रसिकाची खूण आहे, पण ती तंबूत बसलेल्या माणसाला लावण्याचे कुणाच्या मनात आले नाही.

लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास भरते. तिथे घोडे, उंट, गाढवे विकली जातात आणि तमाशाचे फड लागतात. अशा यात्रांतून तमाशाच्या कनातीला शेजार असे तो फिरत्या सिनेमाच्या तंबूचा. एकाच रात्री इकडे वग आणि तिकडे चित्रपट पाहणाऱ्या माणसाने दोन्हींना एकच माप लावले तर नवल नाही. दाद तिथल्या तिथे द्यायची. शिट्टीने, फेट्याने, प्रसंगी उठून जाण्याने. १९७१ च्या 'सोंगाड्या' पासून दादा कोंडके यांना जो प्रेक्षक मिळाला, तो ही दाद घेऊन आला होता. शहरी समीक्षा द्वयर्थी संवादांपाशी अडली. ते संवाद वगातल्या बतावणीचे वंशज आहेत आणि सोंगाड्या मालकाला बोलूनच हैराण करतो, हे त्या प्रेक्षकाला सांगावे लागले नाही. आम्ही दादांच्या प्रत्येक चित्रपटाचे समर्थन करू इच्छित नाही. उत्तरार्धातले कित्येक कंटाळवाणे आहेत. पण लोककलेवर प्रबंध लिहिणाऱ्यांनी त्या प्रेक्षकाला कधी काही विचारले नाही, एवढे नोंदवतो.

दूरचित्रवाणी आपल्याकडे उशिरा आली, आणि त्या उशिरातही जुन्या नकाशाचा एक विचित्र खेळ आहे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. निवडलेल्या जिल्ह्यांत गुलबर्गा, रायचूर, मेदक, महबूबनगर होते. म्हणजे एकेकाळी ज्यांच्यासह आपण एकाच राज्यात होतो, त्या शेजाऱ्यांच्या खेड्यांत पडदा उजळला. महाराष्ट्र प्रयोगात नसल्याने मराठवाड्याची खेडी अंधारात राहिली. ज्या व्यवहारात जुना नकाशा कामाला आला असता, नेमका तिथेच तो पुसलेला होता.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये 'महाभारत' सुरू झाले. आम्ही दोघेही त्या रविवारच्या सकाळी मोठ्यांच्या गुडघ्यांमधून जागा काढून बसलेल्या पिढीतले. त्या सकाळींविषयी भक्तिभावाचे पुष्कळ लिहिले गेले आहे. उदबत्त्या, हार वगैरे. त्याबरोबर चाललेल्या वादांविषयी कुणी लिहिलेले नाही. 'महाभारत' चे संवाद राही मासूम रझा यांचे, आणि ते ऐकून ज्येष्ठ मंडळी भाषेवर बोलत. कर्णाला झुकते माप दिले की नाही, द्रौपदीच्या प्रश्नाला सभेत उत्तर मिळाले की नाही, यावर भांडत. नांदेडला या बोलण्याला एक पार्श्वभूमी होती. नरहर कुरुंदकर फेब्रुवारी १९८२ मध्ये गेले, मालिका येण्याच्या सहा वर्षांहून अधिक काळ आधी. पीपल्स कॉलेजच्या या प्राचार्यांनी व्यासांच्या प्रतिभेची चिकित्सा व्याख्यानांतून आणि लेखांतून केली होती. श्रद्धेच्या विषयावर कारणे देऊन बोलता येते, आणि तेही विद्वानांच्या बैठकीबाहेर बोलता येते, हा संस्कार त्यांनी या गावाला दिला होता. मालिकेवर वाद घालणाऱ्या सर्वांनी त्यांना वाचले होते असा आमचा दावा नाही. पण ज्या गावात व्याख्यान ऐकायला दुकानदारही जातो, त्या गावात घरोघरी लागलेल्या पडद्यापुढेही माणसे नुसते हात जोडून बसत नाहीत.

१९९९ साली 'अल्फा मराठी' आले, आणि जुलै २००० मध्ये 'ई टीव्ही मराठी'. ही दुसरी वाहिनी कुठून चालत होती? हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून. वृत्तविभाग तिथे असल्याने मराठवाड्यातले कितीतरी तरुण बातमी लिहायला, वाचायला, संपादन करायला हैदराबादेस गेले. मराठीत एम. ए. करून हैदराबादेत नोकरी, हे वाक्य त्यांच्या आजोबांना सहज कळले असते. वडिलांना ते समजावून सांगावे लागले. २०१५ साली वाहिनीचे नाव 'कलर्स मराठी' झाले.

लातूरचेही पाहा. रितेश देशमुख लातूरचे. त्यांचा पहिला चित्रपट 'तुझे मेरी कसम' (२००३) रामोजी राव यांच्या उषाकिरण संस्थेचा, दिग्दर्शक के. विजय भास्कर. गोष्ट मूळची मल्याळम 'निरम' ची. त्याच दिग्दर्शकाने ती आधी तेलुगूत केलेली. सोलापूर-पुण्याकडे तोंड असलेल्या लातूरचा नायक पडद्यावर आला तो हैदराबादमार्गे. (या मुद्द्यावर नांदेडचा अध्यापक बराच वेळ हसला.)

या काळातल्या तरुण अभिरुचीचा विचार करताना एका चित्रपटाला टाळून पुढे जाता येत नाही, तो म्हणजे १९९९ चा 'सूर्यवंशम'. मूळ तमिळ, मग तेलुगू, मग हिंदी; हिंदी आवृत्तीचे दिग्दर्शक ई. व्ही. व्ही. सत्यनारायण हेही तेलुगूतले. चित्रपटगृहांत तो विशेष चालला नाही. पण त्याच वर्षी सुरू झालेल्या एका वाहिनीने तो इतक्या वेळा दाखवला की तो विनोदाचा विषय झाला. आमचे विद्यार्थीही त्यावर विनोद करतात. विनोद करता करता पाहतात. का पाहतात? निरक्षर म्हणून बापाने झिडकारलेला हीरा बस चालवतो, बायकोला शिकवतो, आणि ती जिल्हाधिकारी होऊन गावात येते. ज्या लातूरला दहावी-बारावीच्या निकालांनी नाव दिले, जिथे परगावची मुले खोल्या घेऊन शिकवण्यांच्या रांगेत उभी राहतात, जिथे स्पर्धा परीक्षेचे पुस्तक उशाशी घेऊन तरुण तिशी गाठतात, तिथे या कथेला 'मसाला' म्हणून बाजूला सारता येणार नाही. कलेक्टरच्या गाडीतून उतरणारी बायको हे आपल्याकडचे आजचे रामराज्य आहे. एखादा मुलगा 'बकवास आहे, पण बघावंसं वाटतं' असे म्हणतो, तेव्हा त्या 'पण' च्या अलीकडे त्याचा वर्ग आणि पलीकडे त्याचे घर असते. आपण अध्यापक मंडळी अलीकडच्या अर्ध्याला गुण देतो.

त्यानंतर हिंदीत ध्वनिमुद्रित झालेल्या तेलुगू चित्रपटांची रीघच लागली. 'बाहुबली' च्या हिंदी आवृत्तीत प्रभासला शरद केळकर यांचा आवाज आहे, आणि २०२१ च्या 'पुष्पा' मध्ये अल्लू अर्जुनला श्रेयस तळपदे यांचा. तेलुगू शरीर, हिंदी शब्द, मराठी गळा. जुन्या हैदराबाद संस्थानाचा याहून नेमका अवतार दुसरा कोणता सुचवावा?

आता भाषेचा प्रश्न, आणि आमच्या मते खरी गाठ इथे आहे. मकरंद अनासपुरे यांनी मराठवाड्याची बोली पडद्यावर आणली. 'गाढवाचं लग्न' (२००७), 'दे धक्का' (२००८), 'गल्लीत गोंधळ दिल्लीत मुजरा' (२००९) या चित्रपटांनी आमच्या मुलांना आपला हेल प्रथमच एवढ्या मोठ्या आवाजात ऐकवला. त्याचा आनंद खरा होता. पण तो हेल ऐकू आला की प्रेक्षागृह हसायचे, पुढचा शब्द विनोदी असो वा नसो. बोली आली ती हसण्याची सूचना होऊन. पुण्यास शिकायला गेलेल्या मुली सांगतात की, तोंड उघडले की समोरचा आधीच हसण्याच्या तयारीत असतो. त्यामुळे त्या पहिले वर्ष गप्प राहतात. चित्रपटाविषयीचे मत सोडाच, वर्गात साधी शंकाही विचारत नाहीत. अभिरुचीवरच्या चर्चेत हा मुद्दा येत नाही. ज्याच्या उच्चारालाच लोक हसतात, त्याने मत द्यायचे कोणत्या भाषेत?

२९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. त्याच महिन्यात, १२ एप्रिलला, मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला पोचली होती. पाणीवाटपाच्या ठिकाणी जमावबंदी लागलेले ते शहर होते. आर्ची-परश्याची बोली करमाळ्याकडची, सोलापुरी, मराठवाड्याची नव्हे. तरी ती बोली पडद्यावर प्रेम करीत होती, दरडावत होती, मरत होती, आणि कुणी हसत नव्हते. आमच्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यात त्यानंतर झालेला बदल आम्ही पाहिला आहे. अर्थात सगळी मते गौरवाची नव्हती. जातीच्या भिंतीला भिडणारा चित्रपट पाहून आलेली मुले जातीजातीनेच त्यावर बोलत होती. काही गटांत तो आपली बदनामी ठरला, काहींत आपली कैफियत. वर्गात दोघेही गप्प. व्हरांड्यात दोघेही मोकळे. नामांतराचे प्रदीर्घ आंदोलन पाहिलेल्या भागात चित्रपटावरचे मत हे केवळ चित्रपटावरचे नसते, हे इथल्या अध्यापकाला बाहेरून कुणी सांगण्याची गरज नाही.

उत्तरार्धात ते दोघे पळतात ते हैदराबादला. पुण्या-मुंबईच्या परीक्षणांत त्या शहराचा उल्लेख परके, भाषा न कळणारे महानगर असा आला. देगलूरकडच्या आमच्या एका विद्यार्थिनीला हे काही पटले नाही. तिच्या मते पळून जायचे तर ओळखीच्या नसलेल्या ठिकाणी जावे; हैदराबादेस तर आपली अर्धी माणसे असतात, तिथे कुणीही शोधून काढील. हे मत तिने सहज, पुस्तके आवरता आवरता दिले. चित्रपटाचा शेवट ठाऊक असलेल्या वाचकाने ते पुन्हा वाचून पाहावे. आर्ची तेलुगू शिकते, काम करते, घर मांडते, आणि मृत्यू माहेरची भेटवस्तू घेऊन त्या घरी येतो. 'धडक' (२०१८) या हिंदी आवृत्तीने हैदराबादच्या जागी कोलकाता आणले तेव्हा नेमके काय गळून पडले, हे आम्हांला या वाक्यामुळे कळले.

अशी वाक्ये लिहिली जात नाहीत. नांदेडला त्याचे एक सन्माननीय अपवादात्मक उदाहरण आहे: विजय पाडळकर. बँकेत नोकरी करीत त्यांनी जन्मभर चित्रपट पाहिले आणि त्यांवर ग्रंथ लिहिले. गुलजारांवरचे 'गंगा आए कहाँ से', हिंदी चित्रपटाच्या एका मोठ्या कालखंडावरचे 'देवदास ते भुवन शोम'. कुठल्याही चित्रपट-संस्थेच्या अंगणात न राहता, जिल्ह्याच्या गावी बसून एक चाहता समीक्षक होऊ शकतो, हे त्यांनी दाखवले. त्यांच्या लेखनात चाहता मेलेला नाही, हे आम्हांला त्यांच्या व्यासंगाहूनही मोलाचे वाटते. आपल्या विद्यापीठीय रसग्रहणात चाहत्याला आधी मारावे लागते. विद्यार्थी 'प्रस्तुत कलाकृतीतील व्यक्तिचित्रण परिणामकारक आहे' असे लिहितो, पाचपैकी तीन गुण घेतो आणि बाहेर येऊन मित्राला तिच्याविषयी खरे काय वाटले ते सांगतो.

३० डिसेंबर २०२२ ला रितेश देशमुखांचा 'वेड' आला. २०१९ च्या तेलुगू 'मजिली' चे मराठी रूप. लातूरच्या वर्गात तो 'आपल्या माणसाचा' म्हणून विषय निघाला. नांदेडच्या वर्गात धर्माबादच्या मुलींनी मूळ चित्रपट तेलुगूतच पाहिलेला होता, त्यामुळे तिथे चर्चा तुलनेची झाली. गाण्यांत मराठी सरस, नायकाच्या पडझडीत तेलुगू, असा कौल पडू लागला. तेव्हा मागच्या बाकावरून एकीचे म्हणणे असे आले की, दोन्ही भाषांत बायको तेवढीच सोसते आणि दोन्ही चित्रपट त्यालाच प्रेम म्हणतात. मग भाषांतर झाले कशाचे? तास संपायला चार मिनिटे होती. त्या दिवशी फळ्यावर ठरलेला विषय 'रूपांतर: संकल्पना व स्वरूप' हा होता.